पियालरालचा भात आणि चुलीजवळचा डबा

मराठीत दान म्हटले की पुण्य त्याच्या मागोमाग येतेच. दानपुण्य हा जोडशब्दच होऊन बसला आहे. देणाऱ्याला काहीतरी मिळणार हे आपण इतके गृहीत धरतो, की काय मिळणार, कधी मिळणार आणि त्या मिळण्याच्या आशेने देण्याचाच आकार कसा बदलतो, याची चौकशी राहून जाते. ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न जास्त अवघड होतो. डोंगरावरच्या प्रवचनात उजव्या हाताने केलेले दान डाव्या हातालाही कळू देऊ नका अशी ताकीद आहे, आणि लगेच, गुप्तात पाहणारा पिता त्याचे फळ देईल असे आश्वासनही आहे. पुढे प्रॉटेस्टंट पंथांनी तारण निव्वळ कृपेने मिळते, कर्मांनी ते कमावता येत नाही, असे ठासून सांगितले आणि पेच घट्ट झाला. देऊन स्वर्ग मिळणार नसेल तर द्यायचे कशासाठी? या प्रश्नाची ग्रंथांतली उत्तरे पुष्कळ आहेत. पण एका समाजाने त्याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यात दिलेले आहे. तो समाज मिझो, आणि त्या प्रथेचे नाव बुहफाइ थाम.

प्रथा अगदी साधी. मिझो घरात दोन्ही वेळचे जेवण भाताचे. स्वयंपाक करणारी बाई त्या वेळी लागेल तेवढा तांदूळ मापून घेते आणि शिजवायला टाकण्याआधी त्यातली एक मूठ काढून बाजूच्या डब्यात टाकते. बुहफाइ म्हणजे उखळात सडलेला तांदूळ, थाम म्हणजे मूठ. आठवड्याने वस्तीतल्या बायका पाळीपाळीने घरोघर फिरून हा तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि आलेला पैसा चर्चच्या धर्मकार्याच्या खात्यात जमा होतो. मिझोरामच्या उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत ही पद्धत १९१० साली सुरू झाली, दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट मंडळींनीही ती उचलली. सुरुवातीच्या काळात त्यातून बायबलबायांचा, म्हणजे गावोगाव फिरून बायकांना वचन शिकवणाऱ्या स्त्रियांचा, खर्च निघे. आज ही रक्कम वर्षाला कोटींच्या घरात जाते आणि मिझो चर्चने भारताच्या इतर राज्यांत पाठवलेल्या प्रचारकांचा मोठा भार उचलते. मूठ-मूठ धान्य जमवून संस्था उभी करणे मराठी वाचकाला नवे नाही. मुष्टिफंड हा शब्द आपल्याकडे शाळा-वसतिगृहांच्या इतिहासात जागोजाग भेटतो. तेव्हा मूठ काढण्यात नवल नाही. ही मूठ ज्या मातीत रुजली, तिथे आधी काय उगवत होते हे पाहिले म्हणजे नवल कळते.

लुशाई टेकड्यांतल्या, म्हणजे आजच्या मिझोरामातल्या, जुन्या धर्मात दातृत्वाला मोबदला होता, आणि तो मोघम नव्हता. मेल्यानंतर आत्म्यांची दोन ठिकाणे सांगितली जात. एक मिथी खुआ, म्हणजे मेलेल्यांचे गाव, जिथे जगणे इथल्यासारखेच, थोडे अधिक फिकट. दुसरे पियालराल, पियाल नदीच्या पलीकडचा प्रदेश. पलीकडे जाणाऱ्या वाटेवर पूपॉला नावाचा, सर्वांत आधी मेलेला माणूस गलोलीसारखे धनुष्य घेऊन बसलेला असे आणि येणाऱ्या आत्म्यांवर गोळ्या मारी. गोळी लागली की पियालराल बंद. ज्यांच्यावर तो गोळी झाडू शकत नसे असे मानकरी म्हणजे थांगछुआह. ही पदवी दोन वाटांनी मिळे. एक वाट रानातली: माणूस, हत्ती, अस्वल, सांबर, रानडुक्कर, रानटी मिथुन (गव्याच्या जातीचे जनावर) अशी ठरलेली शिकार पुरी करायची. दुसरी घरातली: ठरावीक क्रमाने गावजेवणे घालायची, मिथुन कापायचे, भातापासून केलेली झू नावाची दारू वाहू द्यायची. या मालिकेतल्या खुआंगचोई नावाच्या मोठ्या मेजवानीत यजमानाला कुटुंबासह लाकडी मंचावर बसवून लोक खांद्यावर मिरवत आणि तो वरून जमलेल्या गर्दीत वस्तू उधळी. थांगछुआह झालेल्याला खास विणीचे वस्त्र पांघरता येई आणि घराच्या भिंतीला खिडकी ठेवता येई. खिडकी ही त्या टेकड्यांत पुण्याची खूण होती, हे वाचून गंमत वाटते. पण आपल्याकडेही देवळाच्या पायरीवर कोरलेले नाव याहून फार वेगळे काम करत नाही. हा सगळा तपशील लुशाई टेकड्यांचा कारभार पाहिलेल्या जॉन शेक्सपियर या इंग्रज अधिकाऱ्याने १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. त्याने या समाजाकडे राज्यकर्त्याच्या नजरेने पाहिले हे विसरता येत नाही, परंतु थांगछुआहची हकीगत मिझो लेखकांच्या सांगण्याशी जुळते.

आता पियालरालमध्ये मिळे काय? फाइसा. आयता सडलेला, शिजवायला तयार तांदूळ. स्वर्गाची ही कल्पना पहिल्यांदा ऐकताना भाबडी वाटते, पण डोंगरउतारावर झूम शेती करणाऱ्या घरात तिचा अर्थ फार नेमका होता. जंगल तोडायचे, जाळायचे, पेरायचे, निंदायचे, भात पाठीवरच्या टोपलीतून चढण चढून गावात आणायचे, आणि इतके होऊनही ते खाण्याजोगे नसते. रोज पहाटे उखळात मुसळाने ते सडावे लागते. हे शेवटचे काम बायकांचे. कोंबडा आरवण्याच्या सुमाराला मिझो गावात मुसळांचे ठोके सुरू होत. म्हणजे पियालरालचे सुख होते बाईच्या पहाटेच्या कष्टातून सुटका. आणि ते सुख कमवायचा अधिकार मात्र बाईला नव्हता. शेक्सपियर लिहितो की नवऱ्याने नेल्याशिवाय बाईला पियालरालला जाता येत नसे. शिकार तिची नव्हती, मिथुन तिच्या नावावर नव्हते. लग्न होऊन ती ज्या घरात जाई त्या घराचे कुलदैवत तेच तिचे. बायकांना आणि खेकड्यांना धर्म नसतो, अशा अर्थाची एक म्हण मिझो भाषेत आजही लोकांना ठाऊक आहे. धर्म नाही म्हणजे धर्मातली पत नाही, स्वतःच्या नावावर देण्याघेण्याचे खाते नाही.

थांगछुआहच्या मेजवान्यांना मी निव्वळ बडेजाव म्हणणार नाही. धान्य साठवून टिकत नाही अशा समाजात सुगीचा उरलेला माल पोटांत वाटून देण्याची ती एक शहाणी रीत होती. श्रीमंताने श्रीमंत राहू नये, मानकरी व्हावे, अशी तिची मांडणी होती. पण तिची दुसरी बाजूही त्याच गावात, मुखियाच्या घरात दिसते. दुष्काळात किंवा आजारपणात निराधार झालेला माणूस मुखियाच्या घरी आश्रयाला गेला की मुखिया त्याला जेवू घाली. बदल्यात तो आणि त्याची मुलेबाळे मुखियाची बॉई, म्हणजे बांधील माणसे होत. सुटका हवी तर चाळीस रुपये किंवा एक मिथुन. चाळीस रुपये रोख ही रक्कम तेव्हाच्या झूम शेतकऱ्याला आयुष्यभरात साधणारी नव्हती. इंग्रज प्रशासनाने या चालीला गुलामी म्हणायला नकार दिला. तिला गरिबांच्या पोषणाची देशी व्यवस्था मानले. १९०८ च्या डिसेंबरात ऐजॉलला आलेले, उत्तरेत काम करणाऱ्या वेल्श मिशनचे डॉक्टर पीटर फ्रेझर यांना ते पटले नाही. त्यांनी काही बॉई पैसे भरून सोडवले, तक्रारी थेट लंडनपर्यंत नेल्या आणि त्यापायी १९१२ पर्यंत त्यांना टेकड्या सोडाव्या लागल्या. त्यांच्या स्वतःच्या मिशननेही त्यांची पाठराखण केली नाही, ही गोष्ट चर्चच्या गौरवगाथांत जरा हळू आवाजात सांगितली जाते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मुखिया देत होता हे खरेच होते. त्याच्या घासाने माणूस जगतही होता. मात्र देणाऱ्याचा मोबदला घेणाऱ्याच्या वंशातून वसूल होत होता.

ख्रिस्ती दातृत्व या टेकड्यांत आले तेही आधी मोबदल्याच्या हिशोबानेच आले. त्यामागचा माणूस कधी तिथे फिरकलाही नाही. लीड्सजवळच्या हेडिंग्लीत राहणारा रॉबर्ट आर्थिंग्टन (१८२३–१९००) हा गर्भश्रीमंत ब्रह्मचारी स्वतःच्याच मोठ्या घरातल्या एका खोलीत, जवळजवळ उपाशी राहावे तसा राहत असे. लोक त्याला हेडिंग्लीचा कंजूष म्हणत. तो मेल्यावर मागे जवळपास दहा लाख पौंड निघाले, आणि त्यांतला बहुतेक पैसा बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी आणि लंडन मिशनरी सोसायटी यांच्या कामासाठी ठेवलेला होता. जिवंतपणीही त्याने काँगोपासून आसामपर्यंत पैसा पाठवला. जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोघे ११ जानेवारी १८९४ रोजी नदीवाटे सायरांगला उतरले ते आर्थिंग्टनच्या खर्चाने. तो दिवस मिझोरामात आजही सुट्टीचा असतो. पण आर्थिंग्टनची एक अट होती. जगातल्या प्रत्येक जमातीच्या कानावर शुभवार्ता पडली की ख्रिस्ताचे पुनरागमन होईल, अशी त्याची श्रद्धा. त्यामुळे मिशनऱ्यांनी एका जागी मुळे धरायची नाहीत. निरोप द्यायचा आणि पुढच्या जमातीकडे निघायचे. लॉरेन-सॅव्हिजनी चार वर्षांत भाषेला रोमन लिपी बसवली, कोशाचे काम केले, शुभवर्तमानांचे भाषांतर हाती घेतले, आणि लोकांची ओळख पटू लागली तोच त्यांना निघावे लागले. नंतर १९०३ मध्ये ते बॅप्टिस्ट सोसायटीतर्फे दक्षिणेत लुंगलेईकडे परतले तेव्हा आर्थिंग्टन हयात नव्हता. स्वतः उपाशी राहून जगभर पैसा वाटणाऱ्या या माणसाच्या त्यागाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्याला जे फळ हवे होते, म्हणजे येणाऱ्या राज्याची घटका जवळ आणणे, त्या फळाने त्याच्या देणगीला घाई लावली. मंचावरून वस्तू उधळणारा थांगछुआह आणि एका खोलीत कोंडून घेतलेला आर्थिंग्टन यांच्यात साम्य दिसणार नाही कोणाला. मला ते दिसते. दोघांनाही आपल्या देण्याचा शेवट कुठे व्हायचा हे आधीच ठाऊक होते.

१९१० साली उत्तरेतली मंडळी किती लहान होती हे ध्यानात घ्यायला हवे. पहिले दोन बाप्तिस्मे १८९९ मधले. १९०१ च्या जनगणनेत सबंध लुशाई टेकड्यांत ख्रिस्ती माणसे ५० च्या आत, १९११ मध्ये अडीच हजारांच्या आसपास, आणि एकूण लोकसंख्या नव्वद हजारांवर. १९०६ च्या संजीवनाची, म्हणजे धर्मजागृतीची, लाट येऊन गेली होती. तिच्यावर उलट लाटही उठली होती आणि गावोगाव ख्रिस्ती लोकांना टोमणे आणि त्रास सोसावा लागत होता. रोकड जवळपास नव्हतीच. वेल्श मिशनची शिस्त अशी की स्थानिक मंडळीने आपल्या सेवकांचा भार आपणच उचलायला शिकावे. छुआहखामा हे पहिले मिझो पाळक दीक्षित झाले ते १९१३ साली. अशा मंडळीने वर्गणी मागायची तर ती कोणाकडे मागायची? पुरुषाकडे बंदूक, मिथुन, झूम होते. पण शेताचा वाटा फाथांग म्हणून मुखियाकडे जाई आणि सरकारची घरपट्टी निराळी. बाईकडे काहीच नव्हते. रीतीप्रमाणे घरातले काहीही तिच्या मालकीचे नव्हते. तिच्या हातात होती ती फक्त उखळापासून ताटापर्यंतची वाट. भात पुरुषाचा असेल, पण तो सडून त्याचा तांदूळ करणे आणि त्यातला किती शिजवायचा ते ठरवणे तिचे. बुहफाइ थामने नेमके या अरुंद वाटेवर हात ठेवला. म्हणून या प्रथेच्या नावात भाताचा शब्द नुसता बुह असा येत नाही, बुहफाइ येतो: सडलेला तांदूळ, ज्यात तिची पहाट मिसळली आहे. पियालरालमध्ये जो फाइसा मानकऱ्याला फुकट मिळायचा होता, तो ती आता स्वतःच्या हाताने तयार करून देऊ लागली. स्वर्गातले बक्षीस पृथ्वीवरची भेट झाले. हा फेरबदल कोणी ठरवून केला असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. मात्र शब्द, धान्य आणि माणसे तीच राहून त्यांच्या जागा कशा उलटल्या, हे डोळ्यांआड करता येत नाही.

मग तिला काय मिळाले? माझ्या मते सर्वांत मोठे हे की धर्मात तिच्या नावाचे खाते उघडले. खेकड्याच्या पंगतीला बसवलेली बाई आता मंडळीचा खर्च चालवणाऱ्यांत मोजली जाऊ लागली, आणि त्यासाठी तिला नवऱ्याच्या शिकारीची वाट पाहावी लागली नाही. विधवेला, गरिबाच्या बायकोला, म्हातारीलाही ते जमण्यासारखे होते, कारण मूठ हे माप प्रत्येकीजवळ जन्मतः असते. मार्काच्या शुभवर्तमानातली विधवा दानपेटीत दोन टोल्या टाकते आणि येशू तिचे देणे सर्वांहून मोठे ठरवतो. ती कथा ऐकणाऱ्या मिझो बाईला तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. दुसरे, हे देणे घटनेचे राहिले नाही, सवयीचे झाले. थांगछुआहची मेजवानी आयुष्यात मोजक्या वेळा; मूठ दिवसातून दोनदा. देण्यासाठी आधी श्रीमंत व्हावे लागते ही समजूत अशा सवयीपुढे टिकत नाही. सांज-सकाळ भुकेल्या घराचा भात चढवताना, आधी एक मूठ आपली नाही असे हाताला शिकवणे ही उपासनाच आहे, आणि तिला पाळकाची गरज लागत नाही. तिसरे फळ अगदी ऐहिक. गोळा करायचे, मोजायचे, विकायचे, हिशोब लिहायचा, पुढच्या आठवड्याची पाळी लावायची, यातून बायकांची संघटना उभी राहिली. कोहरान ह्मेइछिया, म्हणजे मंडळीतल्या स्त्रियांचा संघ, आज मिझोरामच्या सार्वजनिक जीवनातली एक मोठी शक्ती आहे. तिच्या मुळाशी तांदळाच्या हिशोबाची वही आहे हे म्हणणे फारसे धाडसाचे नाही.

यावर पहिला आक्षेप धर्मशास्त्राचा. कृपेने तारण मानणाऱ्या, कॅल्विनच्या परंपरेतल्या वेल्श चर्चमध्ये देण्याच्या फळांची अशी यादी करणे म्हणजे मागच्या दाराने थांगछुआह आत आणणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि धोका कल्पनेतला नाही. जुन्या करारात सारफथची विधवा दुष्काळात आपल्या मडक्यातले शेवटचे मूठभर पीठ एलिया संदेष्ट्यासाठी भाजते आणि मग ते मडके रितेच होत नाही. मूठ काढणाऱ्या घराला ही कथा जवळची वाटणारच. पण मूठ काढली की डबा भरलेला राहतो, असा तिचा अर्थ लावला की देणे विम्याचा हप्ता होते. तसा अर्थ लावणारे प्रचारक जगभर आहेत. बुहफाइ थामच्या बाबतीत मला सावरणारी गोष्ट इतिहासातच दिसते. प्रथा सुरू झाली १९१० मध्ये आणि लागलीच १९११-१२ मध्ये माउताम आला. तिथला एक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो, त्याच्या बियांवर उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेते फस्त करतात. मूठ काढणाऱ्यांची आणि न काढणाऱ्यांची शेते उंदरांनी निवडून खाल्ली नाहीत. विमा असता तर तो पहिल्याच वर्षी बुडाला होता आणि प्रथा तिथेच संपली असती. ती संपली नाही, म्हणजे तिला धरून ठेवणारे फळ दुसरे काही असले पाहिजे. ते फळ देण्याच्या कृतीतच होते, तिच्यानंतर येणारे नव्हते. किंमत आणि फळ यांत हा फरक आहे: किंमत आधी ठरते, फळ झाडाला लागते.

दुसरा आक्षेप समाजशास्त्राचा, आणि तो मला अधिक टोचतो. घरोघर बायका डबा मागायला येतात. शेजारीण, नणंद, मंडळीतल्या वडिलांची पत्नी. अशा ठिकाणी नाही म्हणणार कोण? मुखियाचा फाथांग गेला आणि चर्चचा आला, एवढाच फरक नव्हे का? १९५४ च्या कायद्याने मुखियांचे हक्क काढून घेतले गेले; चर्चचे मात्र वाढतच गेले. शिवाय मिझो ख्रिस्ती माणूस दशमांशही देतो, आणि दशमांशाची नोंद नावानिशी होते. दडपण नाही असे म्हणणे लबाडी होईल. त्लॉमङाइहना, म्हणजे स्वतःला मागे ठेवून दुसऱ्यासाठी धावण्याची मिझो नीती, हीही लोकलाजेच्या टेकूवर उभी असते; लाज हा तिथल्या सद्गुणांचा जुना शिक्षक आहे. तरीही करात आणि मुठीत मला एक भेद दिसतो. कर घेणारा माप ठरवतो. इथे माप देणारीच्या तळहाताचे. गोळा करणारी बाई डबा बघते हे खरे, पण मूठ काढताना चुलीपाशी कोणी उभे नसते. ती घट्ट होती की सैल, हे एकीलाच ठाऊक. डोंगरावरच्या प्रवचनातला गुप्तपणा पुरता साधला नाही, पण दिवसातून दोनदा, काही क्षण तरी साधला. फाथांग घेणारा मुखिया मुखियाच राहतो. मूठ गोळा करणारी बाई आपल्या घरी जाऊन स्वतःची मूठ काढते.

तिसरा आक्षेप असा की हा तांदूळ भुकेल्याच्या पोटात जात नाही, संस्थेच्या तिजोरीत जातो. तो विकून प्रचारकांचे पगार होतात. याला दातृत्व म्हणावे की संस्थेची बांधणी? इथे मी प्रथेच्या बाजूने पूर्ण वकिली करू शकत नाही. १९५८-५९ च्या माउतामाने मिझो मुलखाची दैना झाली, आसाम सरकारने वेळेवर हालचाल केली नाही, आणि त्या संतापातून उभ्या राहिलेल्या दुष्काळ आघाडीतून मिझो नॅशनल फ्रंट आणि १९६६ चे बंड निघाले. भूक इतकी जवळ असताना मुठीचा पैसा दूरच्या प्रचाराला जावा का, हा प्रश्न त्या काळातल्या कोणालाही पडावा. चर्चचे उत्तर असते की आत्म्याची भूकही भूकच. ते उत्तर श्रद्धावंताला पुरते, इतरांना पुरेलच असे नाही. पण आक्षेप घेणाऱ्याने हेही बघावे की मुखियाच्या घासाने बॉई झाला, कारण देणारा आणि घेणारा समोरासमोर होते आणि एकाचे हात दुसऱ्याच्या गळ्याशी पोचत होते. मुठीचा तांदूळ सामायिक पोत्यात पडला की कोणाचा कोणता ते कळत नाही. ज्या प्रचारकाचा पगार त्यातून निघतो तो कुठल्याही एका घराचा मिंधा नसतो. संस्थेला आपण रुक्ष म्हणतो, परंतु घेणाऱ्याची मान ताठ ठेवायला कधी कधी तो रुक्षपणाच उपयोगी पडतो.

याच मुद्द्यावर प्रथेची सर्वांत मोठी विसंगतीही उघडी पडते. मिझो प्रेस्बिटेरियन चर्चच्या खर्चाचा एवढा वाटा बायकांच्या मुठीतून येत असताना पाळकपदाची दीक्षा शतकाहून अधिक काळ पुरुषांकडेच राहिली. धर्मशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या मिझो स्त्रिया शिकवतात, लिहितात, आणि हा प्रश्न लावून धरतात. त्यांच्या लेखनात बुहफाइ थामचा उल्लेख अभिमानाने येतो आणि पुराव्यासारखाही येतो. कोणी म्हणेल, पदाची अपेक्षा धरली म्हणजे निरपेक्ष देणे संपले. मला तसे वाटत नाही. त्यांच्या आज्यांना त्या डब्यातून मिळाले ते धर्मातले स्वतःचे नाव. नाव मिळालेले माणूस पुढे हक्क मागतेच, आणि ते मागणे म्हणजे दिलेल्या तांदळाची वसुली असे कोणी म्हणत असेल तर त्याने फाथांगची भाषा अजून सोडलेली नाही.

१९६६ नंतरच्या धामधुमीत परदेशी मिशनऱ्यांना मिझो टेकड्या सोडाव्या लागल्या आणि १९६८ पर्यंत शेवटचे वेल्श मिशनरीही गेले. गावेच्या गावे उठवून लष्कराच्या देखरेखीखालच्या वस्त्यांत आणली जात होती, रात्री संचारबंदी होती. बाहेरून येणारा आधार तुटला तरी चर्च चालू राहिले, शाळा चालू राहिल्या, डुर्टलांगचे १९२८ मध्ये सुरू झालेले इस्पितळ चालू राहिले. त्यामागे एकटी मूठ होती असे नाही. दशमांश होता, श्रमदान होते. आज ऐजॉलच्या घरांत उखळे नाहीत. तांदूळ बाहेरच्या राज्यांतून पोत्याने येतो, गॅसवर, कुकरमध्ये शिजतो, आणि कितीतरी घरे महिन्याचा हिशोब करून मुठींच्या बदल्यात पैसेच देऊन टाकतात. मंडळीतल्या जुन्या बायकांना ते आवडत नाही. पैसे दिले तरी चालतील, पण मूठ काढायची ती काढा, असा त्यांचा आग्रह असतो.